निकटदृष्टिता आणि श्वेतपटलाची पुनर्रचना

मुलाच्या चष्म्याचा नंबर वाढला, की पालक हमखास विचारतात, "डॉक्टर, डोळे कमजोर झाले का?" मी त्यांना सांगतो, की डोळा लांब झाला आहे. प्रौढ व्यक्तीच्या नेत्रगोलाची लांबी सुमारे २४ मिलिमीटर असते. तीत एका मिलिमीटरची वाढ झाली, तर साधारणतः अडीच ते तीन डायॉप्टरचा उणे नंबर येतो. परंतु डोळ्याचे चिवट पांढरे आवरण, म्हणजेच श्वेतपटल, मुळात लांबते कसे? याविषयीच्या संशोधनाचा अल्प परिचय प्रस्तुत लेखात करून देत आहे.

१९७७ साली टॉर्स्टन वीझल आणि एलिओ राव्हिओला यांनी माकडांच्या नवजात पिलांच्या एका डोळ्याच्या पापण्या शिवून बंद केल्या. तो डोळा प्रमाणाबाहेर लांबला. १९८७ मध्ये जॉश वॉलमन व सहकाऱ्यांनी कोंबडीच्या पिलांच्या दृष्टिपटलाच्या केवळ एका भागाला स्पष्ट प्रतिमा मिळू दिली नाही, तेव्हा डोळ्याचा तेवढाच भाग अधिक वाढला. वाढीचा संदेश मोठ्या प्रमाणावर डोळ्यातच निर्माण होतो, हे यावरून दिसून आले.

हा संदेश श्वेतपटलात काय घडवितो? श्वेतपटल मुख्यत्वे कोलॅजनच्या तंतूंनी विणलेले असते. तेथील पेशी नवे कोलॅजन तयार करतात, तर मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज ही एंझाइमे जुने तंतू तोडतात. त्यांना आवर घालणारी रोधक प्रथिनेही तेथेच असतात. निरोगी डोळ्यात ही मोडतोड आणि बांधणी समतोल चालते.

१९९६ साली गुगेनहाइम आणि मॅकब्रायन यांनी 'ट्री श्रू' या खारीसारख्या लहान सस्तन प्राण्यावर प्रयोग केले. स्पष्ट प्रतिमेपासून वंचित ठेवलेल्या डोळ्याच्या श्वेतपटलात मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज-२ या एंझाइमाचे सक्रिय रूप वाढलेले आढळले. याच प्राण्यावरील इतर अभ्यासांत नव्या कोलॅजनची निर्मिती घटल्याचेही दिसले. परिणामी आवरण पातळ होते आणि डोळ्याच्या आतील नेहमीच्या दाबानेही हळूहळू ताणले जाते. स्पष्ट दृष्टी परत मिळाली, की एंझाइमाची ही सक्रियता ओसरते. कोंबडीच्या श्वेतपटलात कूर्चेचा थर असतो, माणसाच्या नसतो. म्हणून सस्तन प्राण्यांवरील हे निष्कर्ष आपल्याला अधिक जवळचे आहेत.

या साऱ्याचा व्यवहारातील अर्थ काय? साधा चष्मा दृष्टी स्वच्छ करतो. डोळ्याची लांबी रोखणे हे त्याचे काम नव्हे. लांबलेला डोळा पुढे पूर्ववत आखूड होईल, अशी आशा धरता येत नाही आणि नंबर फार वाढल्यास दृष्टिपटल सुटणे, काचबिंदू यांसारखे धोके संभवतात. म्हणून जे करावयाचे, ते वाढीच्या वयातच केले पाहिजे.

चीनमधील ग्वांगझू येथे पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे अधिक वेळ मैदानावर नेण्यात आले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तीन वर्षांत त्या गटातील ३०.४ टक्के मुलांना निकटदृष्टिता आली. तुलनेच्या गटात हे प्रमाण ३९.५ टक्के होते. दिवसाच्या उजेडाने दृष्टिपटलात डोपामिन अधिक स्रवते आणि ते वाढीला लगाम घालते, असे मानले जाते. नंबर भराभर वाढत असल्यास अल्पमात्रेतील अ‍ॅट्रोपिनसारखे उपाय आज नेत्रतज्ज्ञांच्या हाती आहेत.

माझ्या डॉक्टर बंधुभगिनींना विनंती, की नंबर लिहून देताना मुलाच्या मैदानावरील वेळेचीही चौकशी करावी. आणि पालकांनो, अभ्यासाइतकेच संध्याकाळचे खेळणेही वेळापत्रकात असू द्या.