मांडीच्या आतील बाजूचे दुखणे : स्नायूंचा ताण की चिगरचा दंश?

बंगळूरूच्या दक्षिणेस असलेल्या आनेकल तालुक्यात नाचणी, तुती, गुलाब आणि भाजीपाला ही पिके घेतली जातात. बन्नेरघट्टाचे जंगल तालुक्याला लागूनच आहे. अशा भागात उकिडवे बसून खुरपणी करणाऱ्यांच्या मांडीचा आतील भाग दुखू लागला, तर बहुधा मांड्या जवळ आणणाऱ्या स्नायूंवर आलेला ताण त्यास कारणीभूत असतो. बांधावरून उडी मारताना किंवा चिखलात पाय घसरल्यानेही हे स्नायू ताणले जातात. पाय जवळ घेताना कळ येते, ताप मात्र नसतो. पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी आणि कापडात गुंडाळलेल्या बर्फाने पंधरा-वीस मिनिटे शेकावे. कळ ओसरल्यावर हलका व्यायाम सुरू करावा. जोराने चोळू नये. खुब्याचा सांधा झिजणे, अंतर्गळ किंवा मूतखडा यांची वेदनाही याच जागी जाणवू शकते. म्हणून दुखणे आठवड्यात न उतरल्यास तपासणी आवश्यक ठरते.

कीटकशास्त्राच्या अभ्यासकास अधिक चिंता वाटते ती ताप आणि जांघेतील दुखरे अवधाण एकत्र आल्यास. ही स्क्रब टायफसची लक्षणे असू शकतात. गुलाबावरील लाल कोळी आपल्या परिचयाचा आहे; या रोगाचा वाहक चिगर त्याहून वेगळा. त्याची केवळ अळी-अवस्था माणसास चावते. तिला सहाच पाय असतात, आणि उंदीर हे तिचे नेहमीचे यजमान. दंशाच्या जागी सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली धरते. ती दुखत नाही, खाजतही नाही आणि नेमकी जांघ, काख, कंबरपट्टा अशा झाकलेल्या जागी असते. ताप साधारणतः दंशानंतर सहा ते एकवीस दिवसांनी येतो. तोवर दंशाचा विसर पडलेला असतो.

कर्नाटकात हा रोग आढळतो. 2018 च्या पावसाळ्यात नागपूरसह विदर्भात त्याने बळी घेतले. डॉक्सिसायक्लिन हे यावरील स्वस्त व प्रभावी औषध. गर्भवतींना ॲझिथ्रोमायसिन देतात. ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. पेनिसिलिनचा येथे उपयोग होत नाही. ताप असताना डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नये, कारण तो डेंग्यूचाही असू शकतो. उपचारास उशीर झाल्यास फुफ्फुसे, मूत्रपिंडे व मेंदूवर परिणाम होतो. लाजेपोटी जांघ दाखविली जात नाही आणि निदान तेथेच अडते. विस्तार कार्यकर्त्यांनी, विशेषतः महिला मजुरांना, घरीच आरशात खपली पाहण्यास सांगावे आणि ती आढळल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावयास लावावे.

बांधावरील झुडपे काढावीत, उंदरांचे नियंत्रण करावे. गवतावर बसू नये, कपडे वाळत घालू नयेत. पूर्ण पायघोळ कपडे व मोजे घालावेत. शेतातून येताच साबणाने आंघोळ करून कपडे बदलावेत. पिकांवरील कोळीनाशके मात्र अंगावर किंवा कपड्यांवर कदापि फवारू नयेत; त्वचेसाठी डीटयुक्त मलम मिळते.