प्रसिद्धी मोजता येते का?

नॅनो आणि मायक्रो हे उपसर्ग तुम्ही भौतिकशास्त्रात शिकला आहात. एका मायक्रोमीटरमध्ये १,००० नॅनोमीटर असतात. मग मोजणी मुंबईत होवो किंवा टोकियोत. हेच उपसर्ग आता इंटरनेटवरील बोलीतही शिरले आहेत. आपल्या लेखनाने वा चित्रफितींनी लोकांवर प्रभाव पाडणाऱ्याला त्या बोलीत 'इन्फ्लुएन्सर' म्हणतात आणि त्याचे लेखन वा चित्रफिती नियमित पाहण्यासाठी नाव नोंदविणाऱ्यांना 'फॉलोअर'. साधारणपणे १,००० ते १०,००० फॉलोअर असलेला तो 'नॅनो', १०,००० ते १ लाखापर्यंतचा 'मायक्रो' आणि १० लाखांच्या वरचा 'मेगा'. म्हणजे येथे नॅनो आणि मायक्रो यांत हजारपटीचे नव्हे, जेमतेम दहापटीचे अंतर! शिवाय या सीमा सर्वत्र सारख्या नाहीत. जाहिरातीच्या धंद्यात सोयीसाठी त्या आखल्या गेल्या.

शब्द सैल असले, तरी फॉलोअरांचा आकडा तर पक्का असतो ना? असतो. पण तो नेमके काय मोजतो?

तापमापीचा विचार करा. ती पाण्याचे तापमान दाखविते. तिच्यावरील आकडा वाचून पाणी अधिक तापत नाही. फॉलोअरांचा आकडा मात्र सर्वांना दिसतो. मोठा आकडा पाहून आणखी लोक येतात आणि आकडा आणखी फुगतो. जणू तापमापीच शेगडीचेही काम करते! परिणामाने असे उलट फिरून कारणालाच बळ देणे, याला धन प्रत्याभरण म्हणतात.

याचा एक सोपा प्रयोग करून पाहा. एका कापडी पिशवीत सारख्या आकाराचे दोन मणी टाका, एक पांढरा व एक काळा. न पाहता एक मणी काढा. तो परत टाका आणि त्याच रंगाचा आणखी एक मणी त्याबरोबर टाका. असे ४० वेळा करा. शेवटी पिशवीत ४२ मणी होतील. त्यांत पांढरे किती? वर्गातील दहा जणांनी हा प्रयोग केला, तर उत्तरे बहुधा फार वेगवेगळी येतील. एकाची पिशवी जवळजवळ पांढरी, तर दुसऱ्याची जवळजवळ काळी! पहिलाच मणी पांढरा निघाला, तर पुढच्या वेळी पांढरा निघण्याची संभाव्यता १/२ वरून २/३ होते. सुरुवातीचा योगायोग असा पुढे मोठा होत जातो. गणिती एगेनबर्गर व पोल्या यांनी १९२३ मध्ये या प्रकाराचे गणित मांडले.

माणसे काही मणी नव्हेत, असे तुम्ही म्हणाल. तेव्हा माणसांवरचाच एक प्रयोग पाहू. मॅथ्यू सॅल्गनिक, पीटर डॉड्स व डंकन वॉट्स या संशोधकांनी तो २००६ मध्ये प्रसिद्ध केला. इंटरनेटवर १४,३४१ जणांना अपरिचित वाद्यवृंदांची ४८ गाणी ऐकविली. आवडलेले गाणे प्रत्येकाने उतरवून घ्यायचे. एका गटाला इतरांची निवड कळू दिली नाही. उरलेल्यांचे आठ स्वतंत्र गट केले आणि प्रत्येकाला आपापल्या गटातले आकडे दाखविले. या आठ गटांत तीच गाणी वेगवेगळ्या क्रमाने लोकप्रिय झाली! पहिल्या गटात २६वे आलेले एक गाणे एका गटात १ले, तर दुसऱ्यात ४०वे ठरले.

मग गुणांना किंमतच नाही का? तसे नाही. उत्तम गाणी क्वचितच अगदी मागे पडली आणि अगदी सुमार गाणी क्वचितच पुढे गेली. मधल्यांचे मात्र काहीही होऊ शकत होते.

तुमच्या एखाद्या चित्रफितीला बाराच प्रेक्षक मिळाले आणि मित्राच्या तशाच चित्रफितीला बारा हजार, तर तेवढ्यावरून तुम्ही हजारपटीने कमी ठरत नाही. आणि दुसऱ्याचे काम पाहताना आकड्यावर नजर टाकण्याआधी स्वतःचे मत बनवा. तुमची निवड तेव्हाच खरे मोजमाप होईल.

आता तुमच्यासाठी एक प्रश्न : पिशवीत सुरुवातीलाच १० पांढरे व १० काळे मणी असतील, तर उत्तरांतील तफावत वाढेल की घटेल? आधी तर्क करा, मग पिशवी हाती घ्या.