क्ष-किरणांचे तार सप्तक

लोखंडाच्या एक सेंटिमीटर जाडीच्या तुकड्यात अणूंचे सुमारे चार-पाच कोटी थर एकावर एक रचलेले असतात. परंतु गंज चढावयास प्रारंभ होतो तो सर्वांत बाहेरच्या थरावर. समुद्रकाठच्या आपल्या गावांतून खिडक्यांचे गज किती लवकर झिजतात, हे आपण पाहतोच. रंग भिंतीला धरतो, साबण मळ सोडवितो, हे व्यवहारही दोन पदार्थांच्या सीमेवरच घडतात. ती सीमा एकदोन अणूंइतकी पातळ. तिच्यावर प्रकाश टाकावा, तर उत्तर येते आतल्या कोट्यवधी थरांचे. सीमेचा क्षीण आवाज त्या गलबल्यात बुडून जातो. मग केवळ सीमाच बोलेल आणि अंतर्भाग मौन पाळील, अशी काही युक्ती आहे काय?

आहे, आणि तिचे मर्म आम्हांस बाजाच्या पेटीवरून सांगता येईल. मध्य सप्तकातील 'सा'ची जी कंपनसंख्या, तिच्या बरोबर दुप्पट तार सप्तकातील 'सा'ची. १९६१ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणकाच्या लेसरचा ६९४ नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश गारेच्या स्फटिकात सोडला, तेव्हा त्यातून ३४७ नॅनोमीटरचा, म्हणजे दुप्पट कंपनसंख्येचा, अदृश्य जंबुपार प्रकाश किंचित बाहेर पडला. प्रकाशाने जणू वरचा 'सा' लावला! गंमत अशी की, छायाचित्रात पुरावा म्हणून असलेला बारीकसा ठिपका शोधनिबंध छापताना डाग समजून पुसला गेला. बाण तेवढा रिकाम्या जागेकडे दाखवीत राहिला. वार्षिकांकाची मुद्रिते तपासणाऱ्या आम्हां शिक्षकांना ही कथा विशेष जवळची वाटते.

हा वरचा स्वर उमटतो कसा? अंगणाच्या मध्यभागी टांगलेला झोपाळा डोळ्यांपुढे आणा. तो जितका पुढे, तितकाच मागे जातो. तोच भिंतीलगत टांगला, तर एका बाजूस मोकळा झुलेल, दुसऱ्या बाजूस पाय भिंतीला लागून अडतील. पदार्थातील इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या आंदोलनाने असेच झुलतात. ज्या पदार्थाची रचना केंद्राभोवती सममित आहे, त्याच्या पोटातील इलेक्ट्रॉनांना दोन्ही दिशा सारख्या. त्यांच्या झोक्यातून दुप्पट कंपनसंख्येचा प्रकाश जवळजवळ निघतच नाही. पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉनाच्या मात्र एकीकडे शेजारी अणू, दुसरीकडे पोकळी. त्याचा झोका विषम, आणि या विषमतेतूनच वरचा 'सा' उमटतो. (गारेच्या स्फटिकाची अंतर्रचनाच विषम असल्यामुळे तो सबंधच्या सबंध गातो, हे ध्यानी असावे.) झोका लहान असेल तर विषमता जाणवत नाही, म्हणून प्रकाश अत्यंत प्रखर हवा. मूळ प्रकाश दुप्पट केला की नवा प्रकाश चौपट होतो. सरळ प्रमाणात न चालणाऱ्या अशा व्यवहारांच्या अभ्यासास अरैखिक प्रकाशशास्त्र म्हणतात.

दृश्य प्रकाशाने ही युक्ती साधली, तरी सीमेवर कोणते मूलद्रव्य आहे, हे तो नीट सांगत नाही. क्ष-किरण सांगतात; कारण अणूच्या गाभ्यातील इलेक्ट्रॉन उपटून काढावयास प्रत्येक मूलद्रव्याची ऊर्जा वेगळी लागते. बोरॉनला सुमारे १८८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, कार्बनला २८४, ऑक्सिजनला ५४३. अडचण होती प्रखरतेची. राँटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले. तथापि त्यांचा लेसरसारखा झोत मिळण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांना चुंबकांच्या रांगेतून नागमोडी नेणारी अजस्र यंत्रे उभी राहिली, तेव्हा ते जमले.

इटलीतील त्रिएस्ते येथील 'फर्मी' हे असेच यंत्र. तेथे ग्राफाइटच्या, म्हणजे आपल्या पेन्सिलीच्या शिशातील कार्बनच्या, पातळ पापुद्र्यांवर मृदू क्ष-किरण सोडण्यात आले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दुप्पट कंपनसंख्येचे किरण मुख्यतः सर्वांत वरच्या एकाच अणुथरातून आले होते. एका थराचा स्वर, तोही कार्बनच्या नावानिशी!

पुढे लिथियमची पाळी आली. द्रवाऐवजी घन पदार्थ वापरून अधिक सुरक्षित विद्युत्घट करावेत, असा संशोधकांचा प्रयत्न आहे. पण घनाच्या सीमेवर लिथियमचे आयन अडखळतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हीच युक्ती योजून लिथियम, लँथॅनम, टायटॅनियम व ऑक्सिजन यांच्या एका संयुगाचा पृष्ठभाग तपासला गेला, आणि पोटात मोकळेपणी हालणारा लिथियम पृष्ठभागाशी मात्र जखडल्यासारखा होतो, असे दिसून आले.