घरातील जुनी छायाचित्रे : परिसर-अभ्यासाचा एक पाठ

हर्ण्याचे नाव निघाले की सुवर्णदुर्ग आणि पुळणीवरचा मासळीचा लिलाव, एवढेच मुलांच्या वहीत उतरते. गावातील घरे कशी होती, ओटीवर कोण बसे, आगराला पाणी कसे मिळे, हे पुस्तकात नाही. ते भिंतीवरच्या तसबिरींत व पेटीतल्या छायाचित्रांत आहे. दि. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळात दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावरील कित्येक घरांची छपरे उडाली, नारळी-पोफळीची आगरे आडवी झाली. अशा घरांचे पूर्वरूप आता चित्रातच पाहावयाचे.

पाठास एकच चित्र घ्यावे. ‘काय दिसते?’ हा प्रश्न आधी, ‘हे कोण?’ हा नंतर. प्रथम छप्पर पाहावे : झावळ्यांचे, नळीच्या कौलांचे की मंगळुरी कौलांचे? मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ साली निघाला. एवढे शिक्षकाने सांगावे; मंगळुरी कौले दिसणारे चित्र त्यापूर्वीचे नव्हे, हे अनुमान मुलांनीच काढावे. विहिरीवर रहाट आहे की पंप, यावरूनही असाच विचार होतो.

बहुतेक जुनी चित्रे खळ्यात किंवा ओटीवर घेतलेली आढळतात. पावसासाठी वळचण खाली उतरवलेली, त्यामुळे घरात अंधार. आणि जुन्या कॅमेऱ्यास उजेड फार लागे. म्हणून माजघर, चूल व जाते चित्रात सहसा येत नाहीत. दिवसभर तेथे राबणारी गृहिणी दिसते ती ठेवणीतले लुगडे नेसून, ताठ उभी! चित्रात काय नाही, हेही मुलांना विचारले पाहिजे.

छायाचित्रकार बोलावणे सर्वांना परवडत नसे. ज्याच्या घरी चित्र नाही त्या मुलास ओशाळे वाटेल असे काही वर्गात घडू नये. पाजपंढरीच्या मुलाने आजोबांकडून जाळ्यांची, आजीकडून मासळी सुकवण्याची हकीकत लिहून आणावी. तीही तितकीच ग्राह्य.

मूळ चित्र शाळेत आणवू नये. घरीच, उन्हात न धरता, मोबाईलवर त्याची प्रत घ्यावी. काचेला चिकटलेले चित्र ओढून काढू नये. मागे नावे लिहिणे ती मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने. शाई पुढे उमटते. माणसे ओळखणारे वृद्ध गावात थोडेच उरतात, म्हणून हे काम पुढील वर्षावर टाकू नये. दोघांच्या सांगण्यात भेद पडला तर दोन्ही नावे लिहावी, आणि कोणते कोणी सांगितले तेही.