यात्रेनंतर बालगृहात सेवा करावी का?

प्रश्न : आमचं सत्संग मंडळ पशुपतिनाथ-मुक्तिनाथच्या यात्रेला निघालं आहे. परतताना काठमांडूच्या एका अनाथाश्रमात आठवडाभर राहून मुलांना शिकवावं, खाऊ-कपडे द्यावेत, असं ठरतंय. काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमची तळमळ खरी आहे, म्हणूनच स्पष्ट सांगते : हा मुक्काम करू नका. नेपाळमधल्या बालगृहांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत. 1996 ते 2006 या यादवीच्या काळात हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून दलालांनी ‘शहरात शिकवतो’ असं सांगून आईबापांकडून पैसे घेतले आणि लेकरं काठमांडूत आणली. बालगृहं आजही मुख्यतः काठमांडू, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या वाटेवरच आहेत, हा योगायोग नव्हे. देणगीदार येत राहतात, म्हणून मुलं आणली जातात. 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही या प्रकाराबद्दल चिंता व्यक्त केली.

शिवाय आठवडाभर लळा लावून तुम्ही निघून येणार. पुढच्या आठवड्यात दुसरे पाहुणे. सतत तुटणारी ही माया लहान मुलांना फार महागात पडते. आपल्याकडच्या बालगृहात कुणी अनोळखी माणसं अशी आठवडाभर मुलांत राहू लागली, तर तुम्हाला चालेल का?

जमवलेला निधी मुलांना घरी परत पोचवणाऱ्या, गावातली शाळा टिकवणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला द्या. देण्याआधी विचारा : गेल्या वर्षी किती मुलं घरी गेली? मुलांसोबतचे फोटो मागू नका. यात्रा मात्र जरूर करा.