शरद ऋतूतील घरगुती ग्रॅनोला : ऋतुचर्येच्या दृष्टीने विचार

'ग्रॅनोला' हे भाजलेल्या ओट्सचे, सुकामेवा व मध घातलेले न्याहारीचे खाद्य होय. त्याचे मूळ वैद्यकातच आहे. १८६३ मध्ये अमेरिकेतील डॉ. जेम्स जॅक्सन यांनी आपल्या आरोग्यधामातील रुग्णांसाठी 'ग्रॅन्युला' हे कोरडे धान्यखाद्य केले, पुढे डॉ. केलॉग यांच्या तशाच खाद्यास 'ग्रॅनोला' हे नाव मिळाले. आज ते औषधी दुकानांतूनही विकले जाते. तेव्हा त्याचा ऋतुचर्येच्या दृष्टीने विचार करणे आम्हांस आवश्यक वाटते.

ऋतूतील भेद

पाश्चात्त्य पाककृतींत 'शरदाची चव' म्हणून दालचिनी, लवंग, सुंठ व जायफळ योजतात. तेथे तो थंडीच्या आरंभाचा काळ असल्याने ही उष्ण द्रव्ये शोभतात. आपला शरद मात्र पित्तप्रकोपाचा काळ आहे. शिरूर व दौंड या पर्जन्यछायेतील तालुक्यांत पाऊस ओसरताच आश्विनाचे ऊन तीव्र होते. अम्लपित्त, दाह, शीतपित्त यांचे रुग्ण या दिवसांत अधिक दिसतात. त्यांना उष्ण मसाल्यांचा ग्रॅनोला देणे म्हणजे दोषास साह्य करणे होय.

अष्टांगहृदयात शरदासाठी तिक्त, मधुर, कषाय व लघु अन्न सांगितले असून साळी, मूग, साखर, आवळा, मध ही द्रव्ये पथ्यकर मानली आहेत. तेल, दही व आकंठ भोजन वर्ज्य आहे. तेलात परतलेला व दह्याबरोबर वाटीभर खाल्लेला ग्रॅनोला या तिन्ही नियमांविरुद्ध जातो. शिवाय चरकाचार्यांनी उष्ण मध निषिद्ध मानला आहे, आणि ग्रॅनोला तर मध घालूनच भट्टीत भाजतात.

पर्यायी योग

लक्ष्मीपूजनास बत्ताशांसह साळीच्या लाह्या ठेवण्याची आपली प्रथा याच ऋतूतील आहे. लाजा लघु, शीत व छर्दि-तृष्णाहर आहेत. ज्वारी पित्तशामक, परंतु रूक्ष असल्याने तिला तुपाची जोड द्यावी.

साहित्य : ज्वारीच्या लाह्या १०० ग्रॅम, साळीच्या लाह्या ५० ग्रॅम, भोपळ्याच्या बिया ३० ग्रॅम, काळ्या मनुका ४० ग्रॅम, खडीसाखरेची पूड ३० ग्रॅम, गाईचे तूप २० ग्रॅम, बडीशेप ५ ग्रॅम, वेलचीपूड २ ग्रॅम.

कृती : जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर तुपात प्रथम बिया, मग बडीशेप परतावी. लाह्या घालून कुरकुरीत होईपर्यंत चार-पाच मिनिटे हलवावे. खाली उतरवून कोमट असताना साखर व वेलची मिसळावी. पूर्ण गार झाल्यावर मनुका घालून घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरावे. मध हवा असल्यास खाण्याच्या वेळीच, गार मिश्रणावर थोडा घ्यावा; तूप व मध समप्रमाणात होऊ देऊ नये. दौंड भागातील गुऱ्हाळांचा गूळ वापरावयाचा असल्यास जुना घ्यावा, कारण नवा गूळ कफकर व अग्निमांद्यकर आहे. वाळलेला आवळा घातल्यास हे मिश्रण दुधाबरोबर देऊ नये.

मात्रा व सावधानता

रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींत पाळीने काम करणारे कामगार अनेकदा उपाशी निघतात किंवा वाटेत वडापाव खातात. त्यांना हे मिश्रण डब्यातून नेता येते. मात्रा ३० ते ४० ग्रॅम असावी व खरी भूक लागल्यावरच घ्यावे. लाह्यांनी रक्तशर्करा लवकर वाढते; म्हणून मधुमेहींसाठी केवळ साखर वगळणे पुरेसे नाही. त्यांच्यासाठी साखर, मनुका व मध वगळून निम्म्या लाह्यांऐवजी भाजलेले हरभरे घालावेत आणि मात्राही कमी ठेवावी. एक वर्षाच्या आतील बालकास मध देऊ नये.

औषधी दुकानदारांनी ध्यानात ठेवावे की, हे खाद्य आहे, औषध नव्हे. विक्रीसाठी करावयाचे झाल्यास अन्न सुरक्षा कायदा, २००६ अन्वये नोंदणी अथवा परवाना लागतो, आणि वेष्टनावर रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. 'आयुर्वेद आहार' म्हणून विकावयाचे असल्यास २०२२ ची स्वतंत्र नियमावली पाहावी.

हेमंत लागल्यावर अग्नी बलवान होतो. तेव्हा याच मिश्रणात तीळ, बाजरीच्या लाह्या व सुंठ यांना स्थान द्यावे. पाकीट बारमाही एकच असते. रुग्णास ऋतूप्रमाणे द्रव्ये बदलून देणे हे वैद्याचे काम आहे.