रायफलच्या नळीला आटे पाडावेत का?

प्रश्न : पीकरक्षणासाठी माझ्याकडे .३१५ ची परवानाधारक रायफल आहे. धक्का कमी करणारा मझल ब्रेक आणि पुढे सायलेन्सरही बसेल, असे कोणते आटे पाडून घ्यावेत?
– एक शेतकरी, मंगरुळपीर, जि. वाशीम

उत्तर : धक्क्याचा त्रास खरा आहे, पण त्यावर आटे पाडण्याची गरज नाही. ब्रेक वायू बाजूला वळवून धक्का घटवतो, मात्र तुमच्या कानाशी आवाज वाढवतो. सायलेन्सर शस्त्र नियमांच्या निर्बंधित वर्गात येतो. पीकरक्षणाच्या परवान्यावर तो मिळेल, असे धरून चालू नका. ‘ब्रेकपुरतेच आटे पाडतो’ म्हणाल, तर १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्रात फेरफार करणाऱ्या कारागिराकडेही परवाना लागतो. शिवाय आटे नळीच्या छिद्राशी समकेंद्री नसतील, तर गोळी ब्रेकला धडकू शकते. त्यापेक्षा दस्त्याला रबरी पॅड बसवा, कानरक्षक वापरा. तरीही ब्रेक हवाच असेल, तर आधी जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारा.